बियाणे उगवले नाही, दाद कुठे मागायची?

पेरणी होऊन आठ दिवस उलटले. पाऊस बेताचा पण वेळेवर झाला. शेजारच्या रानात ओळी दिसू लागल्या आणि आपल्या तासात मात्र हात-हातभर अंतरावर एखादं रोप. असा प्रसंग दर खरिपात कुणावर ना कुणावर येतोच. २०२० च्या खरिपात तर सोयाबीनच्या बाबतीत तो मराठवाड्यात आणि विदर्भात गावेच्या गावे आला. तक्रारींचा इतका पाऊस पडला, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

अशा वेळी आपल्याकडे तीन गोष्टी घडतात. कुणी नशिबाला बोल लावून दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी सावकाराचे किंवा पाहुण्याचे दार गाठतो. कुणी चार जण गोळा करून कृषी सेवा केंद्रावर जातो, आरडाओरडा करतो, दुकानदार चहा पाजतो आणि "कंपनीला कळवतो" म्हणून वाटेला लावतो. आणि कुणी पंचायत समितीत अर्ज देतो, पंचनामा होतो, मग तो शेतकरी भरपाईची वाट बघत बसतो. या तिसऱ्या शेतकऱ्यासाठी हा लेख मुख्यत्वे आहे. त्याने योग्य दार ठोठावलेले असते, पण त्या दारातून पैसे मिळत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

पंचायत समितीत दिलेल्या अर्जावर जी कारवाई होते ती बियाणे कायदा, १९६६ आणि त्याखालचे १९६८ चे नियम यांच्या आधारे. नियम २३-अ असे सांगतो, की बियाणे सदोष असल्याने पीक फसले अशी लेखी तक्रार शेतकऱ्याने केली, तर बियाणे निरीक्षकाने पिशवी, लेबल आणि शिल्लक असेल तेवढे बियाणे ताब्यात घ्यावे, त्या लॉटचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवावेत आणि कारणांचा तपास करून वरिष्ठांना अहवाल द्यावा. चांगला नियम आहे. पण पुढे काय? दोष सिद्ध झाला तर या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला शिक्षा आहे पाचशे रुपयांपर्यंत दंड. पुन्हा गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपयांत आज सोयाबीनची पाव पिशवीसुद्धा येत नाही! आणि तो दंडही सरकारजमा होतो, शेतकऱ्याच्या हाती दमडी पडत नाही. विक्रेत्याचा परवाना निलंबित झाला तरी तेच. दुकानाला कुलूप लागेल, पण आपले रान काही हिरवे होणार नाही.

कपाशीचे तेवढे वेगळे आहे. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात भरपाईची तरतूद ठेवली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ झोडपला, तेव्हा ज्या 'जी फॉर्म'साठी रांगा लागल्या तो याच कायद्याखालचा. बाकी पिकांच्या बियाण्यांना असे छत्र नाही. २०२३ साली राज्य विधिमंडळात बोगस बियाणे, खते, औषधांबाबत पाच विधेयके मांडली गेली, ती संयुक्त समितीकडे गेली, नोव्हेंबरात कृषी सेवा केंद्रचालकांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. त्यात दंड भरघोस वाढवलेला आहे, पण शेतकऱ्याच्या हाती थेट भरपाई कशी पडणार, हा प्रश्न तिथेही शेतकरी संघटनांनी उपस्थित केलाच. कायदा करणाऱ्यांची नजर गुन्हेगारावर असते. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे बघायला सवड कमी, असे माझे मत आहे.

मग पैसे कुठून मिळायचे? तर ग्राहक आयोगातून. पूर्वी याला ग्राहक मंच म्हणत. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आता 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग' बसतो. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्या अंगात इतकी भिनली आहे, की आयोग म्हटला तरी आपल्याला दिवाणी दावा, वकील आणि बांधाच्या भांडणात गेलेली आजोबांची हयात आठवते. हा मामला तसा नाही.

कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षे दोन गोष्टी सांगत आले. एक, शेतकरी हा ग्राहकच नव्हे, कारण तो माल पिकवून विकतो, म्हणजे त्याने बियाणे धंद्यासाठी घेतले. दोन, बियाण्यासाठी वेगळा कायदा असताना ग्राहक मंचात येण्याचा अधिकारच नाही. या दोन्हींचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये लावला. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी असे ते प्रकरण, आंध्र प्रदेशातले. न्यायालयाने सांगितले, की बियाणे कायद्यात शेतकऱ्याला भरपाई देण्याची यंत्रणाच नाही, त्यामुळे तो कायदा आहे म्हणून ग्राहक कायद्याचे दार बंद होत नाही. शेतकरी हा ग्राहकच आहे. इतकेच नव्हे, तर कंपनीसाठी बीजोत्पादनाचा प्लॉट घेणारे शेतकरीही ग्राहक ठरतात, आणि करारात लवादाचे कलम असले तरी ते आयोगाकडे जाऊ शकतात. आपल्या भागातल्या बीजोत्पादकांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आणखी एक भीती असते. "साहेब, पिशवीतलं सगळं बियाणं पेरून टाकलं, आता तपासायला काय देऊ?" खरंच आहे. कोणता शेतकरी निम्मे बियाणे कोर्टासाठी राखून ठेवून पेरणी करतो? १९९८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने एका बियाणे कंपनीला हेच ऐकवले होते, की शेतकऱ्याने घेतलेले सगळे पेरले असण्याचाच संभव जास्त. बियाणे चांगले होते असे तुमचे म्हणणे असेल तर त्याच लॉटचा नमुना तपासणीला पाठवा असा अर्ज तुम्ही का केला नाही? २०१२ च्या निकालातही हाच विचार पुढे नेला आहे. तेव्हा बियाणे शिल्लक नाही म्हणून हातपाय गाळू नका. अर्थात ओंजळभर बियाणे मूळ पिशवीत, लेबलसकट राखून ठेवले तर बिघडत काहीच नाही. पिशवी फोडताना लेबल लावलेली बाजू फाडायची नाही, खालच्या बाजूने उसवायची, एवढी सवय घरात सगळ्यांना लावा.

आता कडू भाग. आयोगात शेतकरी हरतो तो कायद्यामुळे कमी आणि पंचनाम्यामुळे जास्त. २००५ साली हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की पीक कमी-जास्त येण्याला बियाण्याशिवाय इतरही कारणे असतात. बियाणे निकृष्ट होते असे अहवालात स्पष्ट नमूद नसेल तर दोष बियाण्यावर टाकता येणार नाही. कंपनीचा वकील हा निकाल खिशात घेऊनच येतो. तो म्हणणार, पाऊस पुरेसा नव्हता, तिफण खोल गेली, बी खतावर पडले, उन्हात ठेवले. आणि सोयाबीनच्या बाबतीत त्याच्या म्हणण्यात तथ्यही असू शकते. सोयाबीनचे टरफल पातळ, पिशव्या आदळल्या तरी बी दुखावते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरले किंवा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेले, तर उत्तम बियाणेही दगा देते. म्हणून पंचनाम्याचे काम हेच, की ही बाकीची कारणे होती की नव्हती ते तिथल्या तिथे लिहून ठेवायचे.

तालुका पातळीवर बियाणे तक्रार निवारण समिती असते. उपविभागीय कृषी अधिकारी तिचे अध्यक्ष, सोबत कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ आणि खात्याची माणसे. समिती शेतावर येते, बांधावरून नजर टाकते आणि अहवालात वाक्य पडते, "सदर क्षेत्रात उगवण अत्यल्प आढळून आली." बस्स! का आढळली, कशावरून, याचा पत्ता नाही. असा कागद आयोगात पाच मिनिटेही टिकत नाही. आमच्या खात्यातल्या मित्रांना हे वाचून राग आला तरी चालेल.

पंचनामा कसा असावा ते बघा. गट नंबर, पेरलेले क्षेत्र, पेरणीची तारीख, वापरलेली पिशव्यांची संख्या आणि लॉट नंबर तर हवेच. त्या तारखेपर्यंत महसूल मंडळात किती मिलिमीटर पाऊस झाला होता तो आकडा हवा. स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे तो आता मिळतो. मग ओळी मोजायच्या. सोयाबीन ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरले तर एक मीटर ओळीत सुमारे २० रोपे यायला हवीत. शेतात पाच-सहा ठिकाणी, बांधालगत नव्हे तर आत शिरून, मीटरभर काठी टाकून रोपे मोजा आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहा. न उगवलेल्या जागी माती उकरा. बी किती खोल होते ते पट्टीने मोजा. बी कुजलेय, फुगून बसलेय की जसेच्या तसे आहे, तेही लिहा. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तुलना. त्याच शेतकऱ्याने त्याच दिवशी त्याच तिफणीने दुसऱ्या लॉटचे बियाणे पेरले असेल आणि ते उगवले असेल, तर पाऊस आणि खोली या दोन्ही सबबी गळून पडतात. तसेच हाच लॉट गावात आणखी कुणी नेला आणि त्याचे काय झाले, हेही नोंदवावे. पाहणीची सूचना कंपनीला आणि विक्रेत्याला लेखी द्यावी. आले तर त्यांची सही, नाही आले तर "सूचना देऊनही गैरहजर" अशी नोंद. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले जुने ग्रामसेवक, नाव बदलले तरी लोक ग्रामसेवकच म्हणतात) यांनी पंच म्हणून सही करण्याआधी कागद वाचावा. वाचताना आकडा दिसला नाही तर तो लिहायला लावावा. हा अधिकार तुम्हाला आहे.

त्याच लॉटचा दुकानात शिल्लक असलेला नमुना सरकारी प्रयोगशाळेत जाईल हेही बघा. आपल्या राज्यात बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूर इथे आहेत. सोयाबीनला किमान उगवण ७० टक्के हवी, ज्वारी-बाजरीला ७५, गहू आणि हरभऱ्याला ८५. हे लेबलवर छापलेले असते, तपासणीची तारीखही असते. बियाण्याची मुदत तपासणीच्या तारखेपासून साधारण नऊ महिने. प्रमाणित बियाण्याला निळे लेबल आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवट. आता पिशवीवर 'साथी' प्रणालीचा क्यूआर कोडही येऊ लागला आहे, पोरांच्या मोबाईलवर तो दाखवून बघावा.

पावतीबद्दल बोलायलाच हवे, कारण निम्मी प्रकरणे इथेच मरतात. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे विक्रेत्याने रोख असो वा उधार, पावती दिलीच पाहिजे. पण आपला व्यवहार कसा असतो? वर्षभराची उधारी, दिवाळीला हिशेब, आणि बियाण्याची नोंद दुकानदाराच्या वहीत नाहीतर कच्च्या चिठ्ठीवर. पक्की पावती मागितली की तो म्हणतो, "काय पाटील, आपल्यात काय पावत्या?" तोच दुकानदार उद्या आयोगात सांगेल, की हा माझा गिऱ्हाईकच नाही. पावतीवर वाण, लॉट नंबर, मुदत आणि आपले नाव असावे. वडिलांच्या नावावर सातबारा आणि पावती मुलाच्या नावावर, असे झाले तर तेवढ्यावरूनही कंपनी खुसपट काढते. उधारीवर घेतले तरी तुम्ही ग्राहकच आहात, कारण कायद्यात पैसे देण्याचे वचनही मोजले जाते. मात्र एखाद्या योजनेत बियाणे पूर्ण फुकट मिळाले असेल तर हा कायदा लागू होत नाही.

नुकसान किती मागायचे, इथे शेतकरी फार थोडे मागतो किंवा फार जास्त. समजा तीन एकर सोयाबीन. तीन पिशव्यांचे साडेदहा हजार रुपये. एवढेच मागितले तर खरे नुकसान राहूनच गेले. एकरी आठ क्विंटल धरले तर चोवीस क्विंटल, आणि २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे १ लाख २७ हजार ८७२ रुपयांचे पीक गेले. पण यातून जो खर्च वाचला तो, म्हणजे काढणी, मळणी आणि फवारणीचा, वजा करावा लागतो. दुबार पेरणी करून काही पिकले असेल तर तेही वजा. मग दुबार पेरणीचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागता येतो. एकरी आठ क्विंटल कशावरून? तर मागच्या दोन-तीन वर्षांच्या बाजार समितीच्या पट्ट्या आणि सातबाऱ्यावरची पीक पाहणी यांवरून. ई-पीक पाहणी करायचा ज्यांना कंटाळा येतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे. सातबाऱ्यावर सोयाबीन लागलेच नसेल तर ते उगवले नाही असे म्हणायला जागा कुठे राहते?

तक्रार करणे सोपे आहे. साध्या कागदावर हकीकत, सोबत पावती, लेबल, पंचनामा, सातबारा, फोटो आणि प्रतिज्ञापत्र. विक्रेता आणि उत्पादक कंपनी दोघांनाही सामनेवाले करायचे, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. दिलेल्या किमतीवरून अधिकारक्षेत्र ठरते आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. आपले बियाणे काही ५० लाखांचे नसते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. कंपनीचे कार्यालय हैदराबादला असो की जालन्याला, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय. वकील नसला तरी चालतो. तक्रार 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल होते. त्याआधी रजिस्टर पोस्टाने एक नोटीस पाठवावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी. पुष्कळ वेळा कंपनी तिथेच नवीन बियाणे किंवा पैसे देऊ करते. ते घेताना "सर्व तक्रारी मिटल्या" अशा छापील कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी वाचा. एकाच लॉटने दहा-वीस जणांना फटका बसला असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते, आणि तिचे वजन वेगळेच पडते.

सामनेवाल्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की त्यापुढे एक दिवसही नाही. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असे कायद्यात लिहिलेय. प्रत्यक्षात वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखा पडतात. हे लपवून तुम्हाला आयोगात पाठवणे बरोबर नाही. कंपनी राज्य आयोगात अपील करते, पण त्यासाठी तिला आदेशाची निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर एक महिना ते तीन वर्षे कैद आणि २५ हजार ते एक लाख दंडाची तरतूद आहे. पाचशे रुपयांच्या दंडाशेजारी हा आकडा ठेवून बघा.

हाच रस्ता पंप, ठिबक, ट्रॅक्टर, तणनाशक यांनाही लागू आहे. तणनाशकाने पीक जळाले तर रिकामी बाटली फेकू नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो. गोदाम, शीतगृह, विमा या सेवाही ग्राहक कायद्यात बसतात. कर्नाटकात शीतगृहाला आग लागून शेतकऱ्यांचा माल जळाला, विमा कंपनीने "तुमचा आमचा संबंध काय" म्हणून हात वर केले, तेव्हा २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. विजेच्या बिलाचा आणि जोडणीचा घोळ असेल तर आधी वीज कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाणे सोयीचे, त्यानंतर विद्युत लोकपाल आहे.

मुदतीचे तेवढे सांभाळा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. म्हणजे गेल्या खरिपात ज्यांची पेरणी वाया गेली आणि ज्यांची पिशवी-पावती अजून माळ्यावर आहे, त्यांची वेळ गेलेली नाही. त्यांनी पंचायत समितीतून पंचनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्यावी. अर्ज दिल्याची पोच घ्यावी, आणि नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा. तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते.